नानांची तसबीर काढणारा साहेब

नाना फडणवीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. लांबट, निमुळता, गालफडे आत गेलेला. नजर समोरच्याला जोखणारी, थोडी थकलेली. शाळेच्या पुस्तकात तोच, जुन्या छापील चित्रात तोच. रंगभूमीवर नानांची भूमिका करणारा नट रंगपटात आरशापुढे बसतो तेव्हाही त्याला त्या चेहऱ्याच्या जवळ जायचे असते. मात्र तो आपल्यापर्यंत पोहोचवला कोणी, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मलाही पन्नाशी गाठेपर्यंत पडला नव्हता. मी पाहिलेल्या बहुतेक चित्रांखाली नानांचे नाव असे, काढणाऱ्याचे नसे.

त्याचे नाव जेम्स वेल्स. आपल्याकडे गोऱ्या माणसाला सरसकट इंग्रज म्हणायची पद्धत असल्यामुळे जिथे कुठे त्याचा उल्लेख येतो तिथे 'इंग्रज चित्रकार' असे लिहिलेले असते. वास्तविक तो स्कॉटलंडचा. पुण्याच्या दरबारात त्याने सवाई माधवराव, नाना आणि महादजी शिंदे यांच्या तसबिरी काढल्या, घाटातली आणि बेटांवरची लेणी कागदावर उतरवली. नोव्हेंबर १७९५ मध्ये तो वारला, तोही ठाण्यात, असे मानले जाते. माझे घर कल्याणला, म्हणजे तिथून लोकलने अर्ध्या तासावर. या लेखाच्या खटपटीत मी पडलो तो त्या शेवटच्या गोष्टीमुळे.

वेल्सचा जन्म १७४७ च्या सुमाराचा. अ‍ॅबर्डीनशायरमधले पीटरहेड हे समुद्रकाठचे गाव त्याचे. शिक्षण अ‍ॅबर्डीनच्या मारिशाल कॉलेजात झाले, पण चित्रकलेत त्याला रीतसर गुरू मिळाला नाही. जे काही आले ते बहुतांशी स्वतःच घडवलेले. सुरुवातीला तो गावातल्या लोकांची लहान लहान व्यक्तिचित्रे कथिलाच्या पत्र्यावर काढून बेताच्या किमतीत विकत असे. पत्रा स्वस्त, टिकाऊ, आणि गिऱ्हाईक तितपतच पैसे देणारे. पुढे तो लंडनला गेला. १७८३ मध्ये सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात आणि १७८८ व १७८९ मध्ये रॉयल अकादमीत त्याची चित्रे लागली. प्रदर्शनात चित्र लागणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे. रेनॉल्ड्स आणि गेन्सबरो यांनी ज्या शहराला व्यक्तिचित्राची चटक लावली, तिथे चाळिशी ओलांडलेल्या, उत्तरेकडून आलेल्या, घरी बायको आणि मुली असलेल्या चित्रकाराला किती वाव असणार?

त्या काळात अशा मंडळींची एक वाट ठरलेली होती. कंपनी सरकारचा परवाना काढायचा आणि हिंदुस्थानात जायचे. टिली केटल गेला, झोफनी गेला, आर्थर डेव्हिस गेला. ही मंडळी कलकत्ता, मद्रास, लखनौ इकडे वळली, कारण पैसा तिकडे होता. मुंबई तेव्हा कंपनीच्या तीन इलाख्यांतले गरीब घर. वेल्सने नेमकी मुंबई निवडली. १७९१ च्या पावसाळ्यात तो तिथे उतरला. गर्दी नसलेल्या ठिकाणी दुकान मांडावे हा व्यापारी हिशेब त्यात असावा असे मला वाटते, आणि तो बरोबर ठरला; कारण मुंबईच्या मागे पुणे होते, आणि पुण्यात मॅलेट होता.

चार्ल्स वॉर मॅलेट हा १७८६ पासून पुण्यात कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची वस्ती. माणूस धूर्त, मुत्सद्दी आणि हौशी. टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि कंपनी यांना एका तहात बांधण्याचे काम त्याने १७९० मध्ये केले आणि त्याबद्दल त्याला १७९१ मध्ये बॅरोनेटची पदवी मिळाली. आता त्याला या पराक्रमाचे चित्र हवे होते. भरदरबारात, गणेश महालात, मॅलेट पेशव्यांच्या हाती तहाचा कागद देत आहे असे भव्य तैलचित्र. चितारी आयताच मुंबईत येऊन उतरला होता.

मुंबईहून पुण्याला जायचे तर तेव्हा होडीने पनवेल, तिथून खोपोली आणि मग बोरघाट. खोपोलीला नानांनीच बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. घाट चढण्यापूर्वी प्रवासी तिथे टेकत. घाटमाथ्यावर आले की कार्ल्याचे लेणे वाटेवरच. म्हणजे वेल्सच्या पुढच्या आयुष्यातल्या दोन्ही गोष्टी, नाना आणि लेणी, त्याला पुण्याला पोहोचण्यापूर्वीच रस्त्यात भेटल्या होत्या.

१७९२ मध्ये तो दरबारात काम करू लागला. हे वर्ष पुण्याच्या इतिहासातले मोठ्या धामधुमीचे. महादजी शिंदे उत्तरेतून बारा वर्षांनी दक्षिणेत आलेले, बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुत्लकीची वस्त्रे पेशव्यांना देण्याचा थाटमाट चाललेला, आणि त्या थाटाआड महादजी व नाना यांची एकमेकांवर नजर. अशा वेळी एक परका माणूस फळी, कागद आणि रंग घेऊन दोघांच्याही समोर बसतो आहे, दोघांच्याही चेहऱ्याचे माप घेतो आहे. दरबारातला कुठलाही कारकून किंवा वकील ज्यांच्याकडे इतका वेळ टक लावून पाहू शकला नसता त्यांच्याकडे पाहण्याची वेल्सला मुभा होती. तो धंदाच तसा.

आपल्याकडे तसबीर ही गोष्ट नवी नव्हती. जयपूरकडचे, हैदराबादकडचे चितारी पेशव्यांकडे होते; वाड्यांच्या भिंती रंगवलेल्या होत्या, नानांच्या मेणवलीच्या वाड्यात त्या आजही दिसतात. पण त्या परंपरेत माणूस बहुधा एका बाजूने, कडेने दिसतो. चेहऱ्यावर सावली नसते. माणसाचा दर्जा त्याच्या आकारावरून, दागिन्यांवरून, मागच्या चवरीवरून कळतो. वेल्सच्या हातात वेगळे साधन होते. तेलात कालवलेला रंग, एका बाजूने पडणारा उजेड, त्यामुळे नाकाच्या एका अंगाला येणारी सावली. नानांच्या गालफडांचा खोलगटपणा आपल्याला माहीत आहे तो या सावलीमुळे. तेव्हा नाना पन्नास वर्षांचे होते. पेशवे अठरा वर्षांचे.

या काळातले एक चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. सवाई माधवराव, त्यांच्याबरोबर नाना, मागे सेवक. चित्र पेशव्यांचे आहे. नियमाप्रमाणे मानाची जागा त्यांची. पण नजर जाते ती नानांकडे. चित्रकाराने मुद्दाम तसे केले की त्या खोलीत खरोखरच तसे होते, हे सांगणे कठीण. तरुण धनी आणि वयस्क कारभारी यांच्यात कोण कोणाकडे पाहून बोलत असे, याबद्दल आपल्या बखरींनी आणि नाटकांनी पुष्कळ लिहिले आहे. वेल्सला मराठी राजकारणातले किती कळत होते कोण जाणे. त्याने जे पाहिले ते काढले एवढेच आपल्याला म्हणता येते, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

मॅलेटच्या घरातलीही चित्रे त्याने काढली. मॅलेटची सहचारिणी अंबर कौर हिचे त्याने काढलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. रेसिडेंटच्या कागदपत्रांत तिचे नाव सन्मानाने येण्याची सोय नव्हती; तिच्या मुलांना पुढे इंग्लंडला पाठवले गेले. तिचा चेहरा उरला तो मात्र पेशव्यांच्या चेहऱ्याइतक्याच काळजीने रंगवलेला.

आता गंगारामाकडे वळले पाहिजे. खरे तर हा लेख त्याच्यावर व्हायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे.

गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. आडनावाच्या जागी व्यवसाय चिकटलेला; घराणे तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचे. मॅलेटने या माणसाचा हात ओळखला तो वेल्स येण्यापूर्वी. पेशव्यांच्या शिकारखान्यात गेंडा होता. त्याचे गंगारामने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे, म्हणजे वेल्सने मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवण्याच्या आधीचे. शनिवारवाड्यात मॅलेट आणि वेल्स यांच्या पुढाकाराने चित्रे शिकवण्याची शाळा निघाली आणि गंगाराम हा तिथला नामांकित विद्यार्थी, अशी माहिती आपल्याकडच्या बहुतेक लेखांत असते. ती खोटी नाही, पण तिच्यामुळे एक चुकीची समजूत होते. साहेबाने येऊन शून्यातून चित्रकार घडवला असे काही घडलेले नाही. गंगारामला रेषा येत होती. वेल्सकडून त्याला मिळाली ती यथार्थदर्शनाची, म्हणजे दूरचे खांब लहान आणि जवळचे मोठे दाखवण्याची पद्धत. पत्र्यावर हातोडी मारून गोलाई काढणाऱ्या घराण्यातल्या माणसाला कागदावर खोली दाखवणे किती जड गेले असेल? मला तर वाटते की फारसे नाही.

मॅलेटला वेरूळच्या लेण्यांनी झपाटले होते. गंगारामला तिकडे पाठवून त्याने रेखाटने करवून घेतली, आणि आपला वेरूळवरचा निबंध १७९९ च्या सुमारास कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात छापला तेव्हा सोबतच्या चित्रांसाठी गंगारामाचाच आधार घेतला. वेल्सनेही वेरूळची चित्रे तयार केली. १८०३ मध्ये लंडनहून 'हिंदू एक्स्कॅव्हेशन्स इन द माउंटन ऑफ एलोरा' नावाचा चोवीस चित्रांचा मोठा संग्रह निघाला. शीर्षकपृष्ठावर लिहिले आहे की ही चित्रे जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली कोरली. गंगारामाचे नाव शीर्षकात नाही.

नक्कल हा शब्द आपण आज हिणवण्यासाठी वापरतो. त्या शतकात ती कामाची रोजची रीत होती. लेण्यातली मूर्ती ही मूळ गोष्ट. तिच्यावरून तांबटाने किंवा साहेबाने जागेवर काढलेले रेखाटन, त्यावरून मुक्कामी बसून केलेले स्वच्छ चित्र, ते बोटीने लंडनला गेल्यावर दुसऱ्याच कुणी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले, मग तिसऱ्याने छापून हाताने रंगवलेले. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळते आणि काहीतरी वाढते. कैलासाच्या शिखरावर ढग जास्त येतात, झाडे विलायती होतात, मूर्तींचे खांदे ग्रीक पुतळ्यांसारखे दिसू लागतात. आणि प्रत्येक पायरीवर एक नाव गळते. गंगारामाचे पहिल्या पायरीवरच गळले. वेल्सचे दुसऱ्या पायरीवर गळायचे, पण थोडक्यात वाचले.

डॅनियल काका-पुतणे, म्हणजे थॉमस आणि विल्यम, उत्तर हिंदुस्थान आणि मद्रासकडचा मुलूख पालथा घालून १७९३ मध्ये मुंबईत आले. परतीच्या बोटीची वाट पाहत होते. वेल्सने त्यांना हाती धरून घारापुरी, कान्हेरी, जोगेश्वरी अशी इकडची लेणी दाखवली. दोघे डॅनियल नावाजलेले, वेल्स तुलनेने अज्ञात. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या लेण्यांबाबत या तिघांत जाणकार वेल्सच होता. त्याच्या डोक्यात तेव्हा मोठा बेत शिजत होता: या भागातल्या सगळ्या लेण्यांची चित्रे एकत्र काढून छापायची. मदतीला रॉबर्ट मेबन नावाचा गोरा सहायक आणि गंगाराम. मराठी सरदारांच्या तसबिरींमधून पैसा मिळत होता, पण जीव लेण्यांत अडकला होता.

मग एकामागून एक माणसे जाऊ लागली. महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामावर मोठा विजय मिळाला, पुण्यात जल्लोष झाला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडले आणि २७ ला गेले. एकवीस वर्षांचे. वेल्स तेव्हा पुण्यात नव्हता. साष्टी बेटावर लेण्यांची चित्रे काढत होता.

साष्टीच्या राजकीय स्थितीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आज लोकलमध्ये बसून कळवा-मुंब्रा ओलांडताना तिची कल्पना येत नाही. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतला. १७८० मध्ये ते पुढे सरकले आणि आमचे कल्याणही घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कंपनीकडे राहिली आणि कल्याण पेशव्यांना परत मिळाले. म्हणजे १७९५ मध्ये खाडीच्या अलीकडे दुर्गाडीवर भगवा आणि पलीकडे ठाण्याच्या किल्ल्यावर कंपनीचे निशाण. ज्या पेशव्याची तसबीर वेल्सने काढली त्याच्या मृत्यूची बातमी दोन्ही काठांवर थोड्याच दिवसांनी पोहोचली असणार, आणि दोन्हीकडे तिचा अर्थ वेगळा लागला असणार.

कान्हेरी तेव्हा दाट जंगलात होती. पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन पडले की झऱ्याडबक्यांतले पाणी साचून राहते, आणि साष्टीचा हिवताप हा तर मुंबईच्या गोऱ्यांच्या धसक्याचा विषय. डासाचा आणि तापाचा संबंध कळायला अजून शंभर वर्षे होती. दलदलीतली वाईट हवा ताप आणते अशी समजूत. लेण्याच्या आतला गारवा, बाहेरचे ऊन, सकाळ-संध्याकाळ एका जागी बसून चालणारे काम. चित्रकारासाठी याहून वाईट ऋतू नव्हता, पण पावसात लेण्यात उजेड नसतो आणि उन्हाळ्यात तिथे बसवत नाही. काम करायचे तर हेच महिने. वेल्सला ताप चढला आणि नोव्हेंबरात तो गेला. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. ठाण्यातले सेंट जेम्स चर्च १८२५ चे. वेल्स गेला तेव्हा ते उभेच नव्हते. किल्ल्याचे पुढे कारागृह झाले आणि आजही ते आहे. नावावरून ते चर्च आणि हा जेम्स यांची सांगड घालण्याचा मोह मलाही झाला होता, तो सोडून द्यावा लागला.

दरबाराचे मोठे चित्र तोवर पुरे झाले नव्हते. उरली होती चेहऱ्यांची रेखाटने, पोशाखांच्या नोंदी, गणेश महालाची मापे. हे सारे मॅलेटने सांभाळले, आणि इंग्लंडला परतल्यावर थॉमस डॅनियलला देऊन त्याच्याकडून चित्र पुरे करून घेतले. १८०५ मध्ये ते रॉयल अकादमीत लागले, १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्याचा मेझोटिंट छाप काढला. मूळ तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे, आणि चित्रकार म्हणून तिथे नाव डॅनियलचे आहे.

हे चित्र पाहताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, आणि आपले इतिहासलेखक त्या नेहमी ठेवतात असे नाही. प्रसंग ऑगस्ट १७९० चा. वेल्स मुंबईत आला १७९१ मध्ये. म्हणजे त्याने हा दरबार पाहिलेलाच नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ज्याची-ज्याची बैठक मिळाली त्याचा-त्याचा चेहरा टिपून त्याने सगळ्यांना एका दालनात बसवण्याची तयारी केली, आणि बसवले दुसऱ्यानेच, लंडनमध्ये. सोळा वर्षांच्या पेशव्याला आपण अठरा वर्षांचा पाहतो. तरीही गणेश महालाचे चित्र म्हणून याचे मोल मोठे आहे, कारण १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या. ज्या महालाच्या आता फक्त जोत्याच्या रेषा उरल्या आहेत, त्याच्या कमानी आणि भिंतीवरचा गणपती पाहायचा तर टेटकडे जावे लागते. ऐकीव दरबार, पण पाहिलेला महाल, असे हे मिश्रण आहे.

शिवाय लंडनमधल्या प्रेक्षकाने ते १८०५ मध्ये पाहिले. १७९० मध्ये मॅलेट पुण्याच्या बिछायतीवर बसून कागद पुढे करत होता तेव्हा कंपनीला मराठ्यांची गरज होती. १८०५ पर्यंत वसईचा तह होऊन गेला होता, असईची लढाई होऊन गेली होती, दुसरा बाजीराव कंपनीच्या फौजेच्या छायेत राज्य करत होता. बरोबरीच्या दोन सत्तांमधला करार म्हणून जे चित्र योजले गेले, ते भिंतीवर लागेपर्यंत त्यातली बरोबरी उरली नव्हती. मॅलेटसाठी ते आपल्या तरुणपणाच्या यशाचे चित्र राहिले. नाना तर १८०० मध्येच गेले होते.

मुंबईची बारा दृश्येही वेल्सच्या मागे, १८०० मध्ये लंडनला छापून निघाली. १७९१ आणि १७९२ मध्ये काढलेली. शिवडी, मलबार हिल, बंदर, अधूनमधून ताडमाड. मुंबईच्या जुन्या चित्रांच्या कुठल्याही पुस्तकात ती भेटतात आणि तिथे त्याचे नाव असते. तसबिरींचे तसे झाले नाही. त्यांच्या नकला होत गेल्या, नकलांच्या नकला झाल्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघरी नेली तेव्हा त्यांत नाना होते. लोकांनी ती चौकटीत घातली. चित्रशाळेच्या नानांना उजेड-सावलीचा तो सारा खटाटोप आता लागत नव्हता. चेहऱ्याची ठेवण ओळखीची झाली होती. पगडी, अंगरखा, खोल गालफडे.

वेल्सची थोरली मुलगी सुझॅना. बाप गेला तेव्हा ती तरुण होती. १७९९ मध्ये तिने इंग्लंडमध्ये चार्ल्स मॅलेटशी लग्न केले. तो तिच्यापेक्षा पुष्कळ मोठा, पन्नाशीकडे झुकलेला. त्यांना आठ मुलगे झाले. मॅलेट कुटुंबाने वेल्सची रोजनिशी, रेखाटने आणि गंगारामाची चित्रे पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि त्यांतला मोठा भाग आज अमेरिकेत न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे. तिथल्या याद्यांमध्ये आता तांबटाचे नाव साहेबाच्या नावाबरोबर लागते. २०११ च्या तिथल्या प्रदर्शनात गंगारामाची रेखाटने मांडली गेली, आणि हॉली शॅफर या अभ्यासक बाईंनी या सगळ्या मंडळींवर गेली काही वर्षे कसोशीने लिहिले आहे. त्यांचे काम वाचले नसते तर मीही गंगारामला 'वेल्सचा विद्यार्थी' एवढ्यावरच सोडून दिले असते.

गेल्या हिवाळ्यात मी कान्हेरीला गेलो. आता तिथे बोरिवलीच्या बाजूने डांबरी रस्त्याने गाडी जाते. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही अंगांना उभ्या बुद्धमूर्ती आहेत, वीस-बावीस फूट उंच. त्यांच्या पायाशी बसून एक मुलगा वहीत पेन्सिलीने काढत होता. सहल आलेली असावी. उंची त्याच्या कागदात मावेना. दोनदा खोडून त्याने शेवटी पाय सोडून दिले आणि कमरेपासून वर काढायला घेतले.